साक्षीतलं नाव

"बाई, मीपण कॉपी केली होती," सुवार्ता म्हणाली आणि धपाट्याचा तुकडा मोडून तिनं चटणीला लावला. लातूरच्या क्लासच्या रस्त्यावर दुपारचे साडेबारा वाजले होते. एक बॅच सुटली होती, दुसरी आत शिरत होती, पाठीवर दप्तरं घेतलेल्या पोरापोरींनी रस्ता तुडुंब भरला होता, आणि टपरीवाला रिकामे ग्लास बादलीत बुचकळून काढत होता. एस्तेरबाईंना वाटलं, गोंगाटात आपण काहीतरी भलतंच ऐकलं. त्या महिला सभेसाठी लातूरला आल्या होत्या. निघताना सुवार्ताच्या आईनं त्यांच्या हातात धपाट्यांचा डबा दिला आणि डोळ्यांत पाणी आणून सांगितलं होतं, "पोरगी तिथं रविवारी चर्चला जात नाही म्हणे, बाई. माझं ऐकत नाही. तुमच्या हाताखाली वाढलेली आहे, तुमचं ऐकेल." म्हणून त्या बाकड्यावर बसून हळूहळू मुद्द्याकडे वळत होत्या. अभ्यास कसा चाललाय, हॉस्टेलचं जेवण कसं आहे, असं विचारत विचारत त्या म्हणाल्या होत्या, "तुझी साक्ष मी अजून दरवर्षी लेकरांना सांगते बरं का." त्यावर सुवार्तानं हे उत्तर दिलं होतं. सोळा वर्षांची पोर. तिचा चेहरा नेहमीसारखाच होता. एस्तेरबाईंच्या हातातला चहा मात्र तसाच राहिला आणि त्यावर साय धरायला लागली.

साक्ष म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते मंडळीसमोर उभं राहून सांगणं. एस्तेर भालेराव गेली बावीस वर्षं नांदेडच्या त्यांच्या लहानशा चर्चमध्ये शब्बाथ शाळा घेत होत्या. रविवारी मोठ्यांची उपासना सुरू व्हायच्या आधी तासभर वीस-पंचवीस लेकरं सतरंजीवर बसायची. बाकीचे सहा दिवस त्या घरी शाळांचे गणवेश शिवत, पण कुणी विचारलं की स्वतःला त्या शब्बाथ शाळेची बाईच म्हणवत. गाणी आणि वचनांचं पाठांतर सगळीकडे असतं. त्यांच्याकडे आणखी एक गोष्ट होती, ती त्यांनी स्वतः बसवलेली: नाहीचा सराव. लेकरं समोरासमोर दोन रांगांत उभी राहायची. या रांगेनं म्हणायचं, चल की, एक पुडी खाऊन बघ, एकदा क्लास बुडवून बघ, आईला खोटं सांग, सगळे तर येऊन राहिलेत. त्या रांगेनं म्हणायचं, नाही, माझ्या प्रभूला आवडणार नाही. मग रांगा बदलायच्या. आधी लेकरं खिदळायची, पण बाई हसू द्यायच्या नाहीत. त्यांचा धाकटा भाऊ शांतवन कधीच कुणाला नाही म्हणू शकला नव्हता. गुणी होता, गळा गोड होता, नाताळात घरोघरी गाणी म्हणत जायचा तेव्हा बायका त्याला दारात थांबवून घ्यायच्या. दहावीत दोस्तांनी म्हटलं, चल बे, एका घोटानं काय होतंय. चौतिसाव्या वर्षी पोटात पाणी होऊन तो गेला. शेवटच्या आठवड्यात पिवळ्या डोळ्यांनी बहिणीकडे बघत म्हणाला होता, "ताई, मला नाही म्हणायला लाजच वाटायची गं." त्यानंतर वर्षाच्या आत बाईंनी पहिली सतरंजी अंथरली. कुणी त्यांना कडक म्हणायचं, कुणी म्हणायचं बाईंना जरा जास्तच आहे. असू दे. जोएल नावाचा एक पोरगा कॉलेजात गेल्यावर मुद्दाम घरी येऊन सांगून गेला होता की गुटख्याची पुडी तोंडाजवळ आली आणि मला तुमची रांग आठवली. त्या दिवशी बाईंनी शिलाईचं मशीन बंद करून स्वयंपाकघरात जाऊन मनसोक्त रडून घेतलं होतं. तेव्हा त्यांची खात्रीच झाली होती की शांतवन काही फुकट गेला नाही.

"तू आठवीत होतीस," बाई म्हणाल्या. "सहामाहीचा विज्ञानाचा पेपर. अख्ख्या वर्गानं कॉपी केली आणि तू नाही केलीस. तू मला सांगितलंस."

"मी नाही सांगितलं. तुम्ही विचारलं. शनिवारी सराव होता ना बालक रविवारचा, तेव्हा तुम्ही म्हणाला, ज्यांनी कॉपी केली नाही त्यांनी हात वर करा. रिबेकानं केला. मग तिच्या भावानं केला. मग सगळ्यांनीच केले. मी एकटीनं कसा खाली ठेवायचा, बाई? सगळे माझ्याकडं बघून राहिले होते."

बाईंना तो शनिवार लख्ख आठवला. नोव्हेंबर होता. दुसऱ्या दिवशीची सगळी उपासना लेकरं चालवणार होती, आणि पाळकसाहेब म्हणाले होते की यंदा साक्षी अशा होऊ द्या की मोठ्यांनाही लाज वाटली पाहिजे. बाईंनी सुवार्ताला निवडलं, कारण तिचा आवाज स्वच्छ होता आणि ती अडखळत नसे. तिनं आधी नुसतं म्हणून दाखवलं होतं, परीक्षेत मैत्रिणी मला चिठ्ठी देत होत्या, मी घेतली नाही. बाईंचं समाधान झालं नाही. त्यांचा एक नेम होता: साक्षीला दिवस हवा, जागा हवी आणि माणसाचं नाव हवं, नाहीतर लोकांना ती कुठंतरी वाचलेली गोष्ट वाटते. "चिठ्ठी कुणी दिली? नाव घे," त्या म्हणाल्या होत्या. पोरगी सतरंजीच्या दशा ओढायला लागली. "घाबरू नकोस. खरं बोलायला कशाला घाबरायचं?" पोरगी दशा ओढतच राहिली. बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात त्यांना या क्षणीसुद्धा आठवत होता, तिच्या केसांचं तेल, मधला भांग. तो आशीर्वादाचाच हात होता, यात त्यांना तेव्हा काडीचीही शंका नव्हती. मग सुवार्ता म्हणाली, बुद्धप्रिया.

"निदान नाव तरी खरं होतं का गं?" बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज इतका खाली गेला की सुवार्ताला पुढं वाकावं लागलं.

"तिनंच कॉपी केली नव्हती," सुवार्ता म्हणाली. "वर्गात ती एकटीच. आम्ही चिठ्ठी फिरवली, तिच्याजवळ गेली तर ती म्हणाली मला नको, तुमचं चालू द्या. तिनं कुणाचं नाव पण सांगितलं नाही सरांना. तरी सगळ्या पोरी तिच्याशी बोलायच्या बंद झाल्या. मी पण झाले. ती माझ्याच बाकावर बसायची, बाई. मला लई राग आला होता तिचा. म्हटलं, मी रोज प्रार्थना करते, वचनं पाठ करते, आणि मी घेतली चिठ्ठी. आणि ही कोण लागून गेली? तुम्ही नाव मागितलं, तर तिचंच तोंडात आलं."

तिनं डब्याचं झाकण लावलं. दोन धपाटे तसेच राहिले होते. "इथल्या चर्चला मी दोनदा गेले. दुसऱ्या रविवारी तिथले पाळक म्हणाले, नांदेडची ती साक्षवाली मुलगी तूच ना, पुढं येऊन दोन शब्द बोल. कुणाच्यातरी फोनवर तो व्हिडिओ होता. मग नाही गेले. आईला नका सांगू. त्या साक्षीला बक्षीस मिळालेली ढाल आई रोज पुसती."

पुढं काय झालं ते बाईंना माहीत होतं, सगळ्या मंडळीला माहीत होतं. उपासनेला सुवार्ताच्या शाळेतले एक कारकून बसलेले असायचे. त्यांनी भल्या मनानं सोमवारी शाळेत सांगितलं, आणि मुख्याध्यापकांनी मंगळवारी प्रार्थनेच्या वेळी बुद्धप्रियाला सगळ्यांपुढं उभं केलं. विज्ञानाच्या पेपरला शून्य दिलं. आईबापाला बोलावून घेतलं. बाप आनंदराज केळीच्या गाड्या भरायला जायचा, तो आपली मजुरी बुडवून आला आणि हात जोडून उभा राहिला, असं त्या कारकुनानंच पुढच्या रविवारी सांगितलं होतं. महिन्याभरात त्यांनी नांदेडची खोली सोडली आणि ते अर्धापूरला आपल्या घरी परत गेले. पोरीला मामाकडं भोकरला ठेवलं. तेव्हा बाईंना काय वाटलं होतं? लातूर सुटून बस अहमदपूरच्या वाटेला लागली तेव्हा त्या खिडकीच्या गजाला कपाळ टेकवून हेच आठवायचा प्रयत्न करत होत्या, आणि आठवलं तेव्हा त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले. त्यांना वाईट वाटलं होतं, खरंच वाटलं होतं, आणि म्हणून त्यांनी सलग तीन रविवार शब्बाथ शाळेत त्या पोरीसाठी प्रार्थना केली होती. प्रभू, भरकटलेल्या बुद्धप्रियाला तुझा मार्ग दाखव. वीस लेकरांनी आमेन म्हटलं होतं. सुवार्तानंही म्हटलं असणार, पहिल्या ओळीत बसून.

शेजारच्या सीटवर एक म्हातारा लोह्याचं तिकीट हातात घट्ट धरून झोपला होता. बसचा पत्रा एका सुरात खडखडत होता. बाई प्रार्थना करायला बसल्या आणि त्यांना सुरुवातच सापडेना. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं. शब्द त्यांच्याकडे कायम हात जोडून उभे असायचे. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, ती काही केल्या जाईना. त्या पोरीनं कसलाही सराव केला नव्हता. तिला कुणी रांगेत उभं केलं नव्हतं, वचन पाठ करून घेतलं नव्हतं, ढाल दाखवली नव्हती. कदाचित घरी बापानं कधी जेवताना काही सांगितलं असेल, कदाचित तेही नसेल. चाळीस पोरींच्या मधोमध ती मला नको म्हणाली, आणि कुणाचं नावही घेतलं नाही. जे आपण बावीस वर्षं देवाजवळ मागत होतो ते लेकरू देवानं शेजारच्याच शाळेत बसवलेलं होतं, आणि आपण तिला भरकटलेली म्हणालो. आणि सुवार्ता? तिला पुडी नाकारायला शिकवलं, क्लास बुडवायला नाही म्हणायला शिकवलं, मैत्रिणींना, पोरांना, साऱ्या जगाला. मला नाही म्हणायला मी कुणालाच शिकवलं नाही. माझ्यासमोर तर ते लेकरू शांतवनच झालं. ही ओळ त्यांच्या मनात इतक्या सरळपणे उमटली की त्यांनी दचकून शेजारच्या म्हाताऱ्याकडे बघितलं, जणू त्यानं ती ऐकली असावी.

निघताना त्या सुवार्ताला म्हणाल्या होत्या, "उद्या माझ्याबरोबर अर्धापूरला चल. दोघी जाऊ. बुद्धप्रियाच्या आईला सांगू." सुवार्तानं बराच वेळ रस्त्यावरच्या पोरांकडे बघितलं आणि मग म्हणाली, "नाही, बाई. मला नाही जमणार." दहा वर्षांत ती पहिल्यांदा बाईंना नाही म्हणाली होती. बाईंच्या तोंडावर आलं होतं, अगं पण खरं बोलायला कशाला घाबरायचं. त्यांनी ते गिळलं. तिच्या डोक्यावर हात ठेवायला उचललेला हातही त्यांनी मागं घेतला आणि नुसता डबा मागून घेतला.

सोनखेड मागं पडल्यावर त्यांनी पाळकसाहेबांना फोन लावला. माणूस वाईट नव्हता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये दोनदा अरेरे म्हणाले. मग म्हणाले, "बाई, तीन वर्षं झाली. लेकरंच ती. आता मंडळीत हे उकरून काढलं तर त्या सुवार्ताचं काय होईल? तिच्या आईचं काय होईल? लोक म्हणतील, यांच्या सगळ्याच साक्षी अशाच. पुढच्या रविवारी बालक रविवार आहे. सगळे तयारीला लागलेत. तुम्हीही प्रार्थना करा, आम्ही सगळे करतो." सगळे. बाई म्हणाल्या, "साहेब, मी सुवार्ताचं नाव घेणार नाही. माझंच घेईन. पण सांगणार." पाळकसाहेब म्हणाले की तुमची तब्येत बरी दिसत नाही, आज आराम करा. विष्णुपुरीचं पाणी खिडकीतून दिसलं तेव्हा संध्याकाळचं ऊन त्यावर पडलं होतं. एरवी ते दिसलं की बाईंना घर आल्यासारखं वाटायचं. आज त्यांना वाटलं, ही बस अशीच पुढं कुठंतरी जावी.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता त्या अर्धापूरला उतरल्या. रस्त्याला लागून केळीच्या गाड्या उभ्या होत्या, घडांखाली हिरवी पानं अंथरलेली. आनंदराजचं घर दोघांना विचारून सापडलं. दारात निळी पताका होती, भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, आणि त्यांच्या खाली एका शाळकरी मुलीचा, दोन वेण्या घातलेला. बुद्धप्रियाची आई भामाबाई नुकत्याच केळी धुण्याच्या कामावरून घरी आल्या होत्या, त्यांची बोटं चिकानं काळी पडली होती. अनोळखी बाई बघून त्यांनी आधी पाणी दिलं आणि मग कोण म्हणून विचारलं. एस्तेरबाई खाटेवर बसल्या नाहीत. उभ्याउभ्याच त्यांनी सांगितलं. आपण कोण, नाव कुणी मागितलं, पोरीनं ते का घेतलं, आणि तुमच्या लेकीनं चिठ्ठी दिली तर नाहीच, घेतलीसुद्धा नव्हती. वर्गात ती एकटीच होती तशी. बोलताना त्या सारख्या त्या दोन वेण्यांकडे बघत होत्या. वाटेत त्यांनी मनाची तयारी केली होती की ही बाई आपल्याला शिव्या देईल, हाकलून देईल, आणि आपण ते सोसू. त्याचीच त्या वाट बघत होत्या, खरं तर त्यांना तेच हवं होतं.

भामाबाई शिव्या देईनात. त्या हळूहळू खाली बसल्या, उंबऱ्याला टेकल्या.

"तिनं सांगितलं हुतं मला," त्या म्हणाल्या. "त्याच दिशी. म्हनली, आई, म्या न्हाई केली. म्या तर नको म्हनले. रडून रडून सांगू राहिली हुती." त्यांनी काळी बोटं एकमेकांवर घासली. "तिच्या बापानं इस्वास ठिवला. म्या न्हाई ठिवला, बाई. म्या म्हनलं, किरिस्ती लोकाचं लेकरू, त्यांच्या देवाफुडं हुभं राहून लबाड कशाला बोलंल? लई सादी मानसं असत्यात ती. म्हून म्या तिला मारलं. उलथनं हुतं हातात, त्येनंच मारलं. म्हनलं, बापाची मजुरी बुडवली, आमची अब्रू घालवली आन् वर लबाड बोलती."

बाहेरून एक टेम्पो केळीचे घड घेऊन गेला. एस्तेरबाईही खाली, मातीच्या जमिनीवरच बसल्या. पोरीला भोकरला ठेवलं ते शिक्षा म्हणून नव्हे, ती स्वतःच गेली, हे त्यांना आत्ता कळत होतं. भामाबाई सांगत होत्या, दिवाळीच्या सुट्टीतही येत नाही. बापाला फोन करते. मला नाही करत, मी लावला तर उचलत नाही. तीन वर्षं झाली.

"मी रविवारी आमच्या मंडळीसमोर सांगणार आहे," बाई म्हणाल्या. "सगळ्यांसमोर. चूक माझी आहे म्हणून सांगणार आहे."

"तुमच्या लोकायला काय सांगायचं ते सांगा," भामाबाई म्हणाल्या. त्यात राग नव्हता. "तिला सांगा. माझ्या पोरीला सांगा. तुमच्या फोनवरून लावा, तुमचा लंबर तिला ठाव न्हाई, उचलंल."

त्यांनी कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवलेला नंबर वाचून दाखवला, एकेक आकडा बोट ठेवून. घंटी वाजत राहिली. मग एक कोरडा, सावध आवाज आला, "कोण?" एस्तेरबाईंनी नाव सांगितलं. पुढं त्यांनी काही सजवलं नाही. त्या बोलत राहिल्या तेवढा वेळ पलीकडून शाळेची मधली सुट्टी झाल्यासारखी पोरांची गडबड ऐकू येत होती. शेवटी त्या म्हणाल्या, "बेटा, तू खरी होतीस. तूच एकटी खरी होतीस. मी तुझी माफी मागते." पोरीनं विचारलं,

"आई हाय का तिथं?"

"आहे. माझ्यासमोरच बसलीय."

"तिनं ऐकलं का हे सगळं?"

"ऐकलं."

"बरं," बुद्धप्रिया म्हणाली आणि फोन बंद झाला.

भामाबाईंनी तोवर हात पदराला पुसून पुढं केला होता. बाईंनी फोन कानावरून खाली घेतला तरी तो हात तसाच राहिला. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी तो हळूच मांडीवर ठेवला.

"काय म्हनली?"

"बरं म्हणाली."

भामाबाईंनी मान हलवली. जराशानं त्यांनी विचारलं, "आवाज कसा झालाय वो आता तिचा?"